रेडिओ गप्प बसला ती सुनावणी

त्याचं खरं नाव दुकानाच्या परवान्यावर होतं, आणि तो परवाना आरशाच्या वर इतका उंच टांगलेला होता की ते वाचायला आजवर कुणी मान वर केली नव्हती. सगळे त्याला रेडिओ म्हणत. गिऱ्हाइकाच्या गळ्याशी टॉवेल खोचला की हा सुरू होतो आणि टॉवेल झटकला की बंद, असं म्हणणाऱ्यांची त्याच्याशी नीट ओळख नव्हती. टॉवेल झटकल्यावरही तो बंद होत नसे. गिऱ्हाईक पैसे देऊन, दार लोटून फुटपाथवर उतरलं तरी याचं वाक्य मागून येतच असे. वस्तरा गळ्यावर असताना कुणी वाद घालत नाही, आणि या सोयीचा रेडिओने आयुष्यभर पुरेपूर फायदा उठवला.

घरीही तेच. त्याची बायको पडदे शिवायची. मागच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन होतं आणि खिडकीबाहेरच्या तारेवर धुऊन वाळत टाकलेलं कापड. संध्याकाळी ती म्हणायची, "आज दुपारी ना, ती कोपऱ्यावरची..." आणि हा म्हणायचा, "आली असेल झालर उसवली म्हणून, तुला मी आधीच सांगत होतो की त्या कापडाला जाड दोरा वापर." चिडण्यासारखी गोष्ट अशी की पुष्कळदा ते बरोबर निघायचं. लग्नानंतर सुरुवातीला ती रागवायची. पुढे तिने वाक्यं अर्ध्यावर सोडून द्यायची सवय लावून घेतली. उरलेलं तो बोलणारच आहे तर आपला घसा कशाला सुकवा! तो वाईट नवरा होता असं मुळीच नाही. कष्टाळू होता, प्रेमळ होता, तिच्या मशीनला तेल तोच घालायचा. तिचं ऐकायला तेवढी त्याला सवड मिळाली नव्हती.

असा माणूस गप्प बसायच्या कामावर कसा लागला, ते आधी सांगायला हवं.

एक दिवस दुकानात बाई आल्या. बाई म्हणजे त्याच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई, आता निवृत्त, पण आवाज अजून नोकरीत होता. त्यांच्या हातात एक कागद आणि डिंकाची बाटली होती. "तुझ्या काचेवर हा चिकटवते," असं म्हणून त्यांनी परवानगीची वाट न बघता चिकटवलाही. शहराबाहेर दगडाची खाण वाढवायची होती आणि त्यासाठी लोकांची सुनावणी होणार होती, त्याची ती सूचना होती. सरकारी कार्यालयाने ती लावली होती, नाही असं नाही. पण लावली होती दाराच्या आतल्या बाजूला, आणि ते दार दिवसभर उघडं, भिंतीला टेकलेलं. म्हणजे सूचना वाचायची असेल तर कार्यालय बंद झाल्यावर आत थांबायला हवं.

रेडिओ पोट धरून हसला. बाई हसल्या नाहीत.

बाईंची एक संस्था होती. संस्था म्हणजे बाई, बाईंची कापडी पिशवी आणि शेजारचा औषधवाला. कुठे खाण, कारखाना, कचऱ्याची भट्टी असं काही यायचं असलं की आजूबाजूच्या लोकांना कायद्याने काही हक्क मिळतात. त्या कामाचा अहवाल बघायला मिळाला पाहिजे, सुनावणीत बोलायला मिळालं पाहिजे, बोललेलं लिहून घेतलं गेलं पाहिजे, आणि यातलं काही झालं नाही तर वर दाद मागता आली पाहिजे. बाई फक्त हे खरोखर होतं का ते बघत. अहवाल कुणालाही मिळतो, असं लिहिलेल्या कार्यालयात जाऊन त्या तो मागायच्या आणि कपाटाची किल्ली रजेवर गेली आहे, हे उत्तर ऐकून तसंच्या तसं नोंदवायच्या. कारखाना चांगला की वाईट यावर त्या चकार शब्द काढत नसत. लोक वैतागून विचारत, "बाई, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने?" बाई म्हणत, "दार उघडं आहे असं कायदा म्हणतो. मी ते ढकलून बघते. तुम्ही आत जाऊन काय बोलायचं ते तुमचं तुम्ही बघा."

आता या सुनावण्या नेमक्या सोमवारी सकाळी व्हायच्या, म्हणजे सगळी कामावर जाणारी माणसं कामावर असताना. औषधवाल्याचं दुकान सोमवारी उघडं. रेडिओचं मात्र सोमवारी बंद. बाईंनी त्याला आरशातूनच न्याहाळलं आणि विचारलं, "तुला लिहायला-वाचायला येतं. सोमवारी काय करतोस?"

"बोलतो," तो खरं तेच म्हणाला.

"मग एक सोमवार गप्प बसून बघ."

पैज लावल्यासारखा तो गेला आणि अडकला. बाईंचे नियम कडक होते. निरीक्षकाने छातीवर बिल्ला लावून मागे बसायचं. बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, मानसुद्धा हलवायची नाही. काय दिसलं आणि काय ऐकू आलं तेवढंच लिहायचं. आणि बोलणाऱ्यांत आपलं कुणी नात्यातलं असेल तर त्याच्या नावासमोर नातं लिहायचं. ते बोलणं मग हरकतींच्या मोजणीत धरायचं नाही. हा शेवटचा नियम बाई ठेच लागून शिकल्या होत्या. पूर्वी औषधवाला दुकान बंद ठेवून निरीक्षक म्हणून बसला होता, त्या सुनावणीत त्याचा मेहुणा बोलला, औषधवाल्याने ते नातं लिहिलं नाही, आणि कंपनीच्या वकिलाने तेवढ्या एका धाग्यावरून संस्थेचा अख्खा अहवाल उसवला.

पहिल्या सुनावणीत रेडिओच्या घशाला कोरड पडली. न बोलल्यामुळे घसा कोरडा पडतो हे त्याला नव्यानेच कळलं. पण हळूहळू त्याला त्यात गोडी वाटू लागली. बसल्या बसल्या त्याला दिसायला लागलं, की मंचावरचा माइक खणखणीत असतो आणि लोकांचा माइक खरखरतो. कंपनीचा अहवाल असतो भला जाडजूड, पण अशा भाषेत की तो लिहिणाऱ्यालाही परत वाचायला सांगितलं तर तो आजारपणाची रजा टाकेल. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, एक म्हातारा थरथरत उभा राहिला, खाणीच्या सुरुंगांनी घराच्या भिंती कशा तडकल्या ते सांगताना रडला, सगळी सभा गलबलली. आणि नंतर सरकारी इतिवृत्त आलं त्यात लिहिलं होतं, 'कोणीही हरकत घेतली नाही.' रेडिओने ते पुन्हा पुन्हा वाचलं. माणूस इतका बोलला आणि कागदावर नाही म्हणजे बोललाच नाही! बोलणं हवेत विरून जातं, ही गोष्ट जन्मभर बोलणाऱ्या माणसाच्या कधी लक्षातच आली नव्हती. त्या म्हाताऱ्याचे शब्द उरले ते एकाच ठिकाणी, रेडिओच्या नोंदीत.

आता मुख्य गोष्ट.

रेडिओच्या गल्लीच्या पाठीमागे, मोठ्या रस्त्यापलीकडे, एक कारखाना होता. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं वितळवायचं आणि त्याच्या विटा करून विकायच्या. एक भट्टी होती. तिचा धूर गल्लीवर यायचा आणि लोक खोकून कामाला लागायचे. रेडिओची मुलगी आणि चार वर्षांची नात त्याच्याकडेच राहत होत्या, कारण जावई जहाजावर कामाला. नात दिवसभर आजीच्या मशीनखाली बसून कापडाच्या तुकड्यांशी खेळायची. ती सारखी चिडचिडी व्हायला लागली, जेवेना, तेव्हा डॉक्टरने रक्त तपासायला सांगितलं. रक्तात शिसं निघालं. डॉक्टर म्हणाला, पोरीला इथून हलवा. मुलीने शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली. मशीनखाली तुकडे तसेच पडून राहिले, आणि बायकोने ते बरेच दिवस झाडून काढले नाहीत.

अशात कारखान्याने आणखी दोन भट्ट्यांसाठी अर्ज केला. सुनावणी सोमवारी.

गल्लीत सगळ्यांना वाटलं, आता काय, आपला रेडिओ आहेच! त्यानेही भाषणाची तयारी सुरू केली होती. दाढी करता करता तो आरशात बघून बोलायचा. शिशाचा इतिहास, राजेरजवाड्यांच्या काळातले शिशाचे पाण्याचे नळ, मधे एक विनोद, शेवटी मूठ आवळून एक सवाल. एका गिऱ्हाइकाची मिशी या सवालापायी एका बाजूने आखूड झाली. घरी बायको शिवत असताना तो तेच भाषण तिला ऐकवायचा. ती दोरा ओवत "हं" म्हणायची.

तेवढ्यात बाई जिन्यावरून पडल्या. पायाला प्लास्टर. रेडिओ भेटायला गेला तेव्हा त्या पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या आणि फार रागात होत्या, मुख्यतः जिन्यावर.

"औषधवाला येऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "राहिलास तू. बिल्ला लावून बस, नाहीतर बिल्ला काढून बोल. दोन्ही करता येणार नाही."

"बाई, माझी नात आहे हो ती."

"माहीत आहे मला. म्हणून तर विचारतेय, सांगत नाही. तू बसलास तर पहिल्या पानावर लिहू, निरीक्षक याच गल्लीत राहतो. तू नुसता खोकलास तरी त्यांचा वकील तो खोकला आपल्याविरुद्ध वापरेल."

"आणि मी बोललो, कुणीच बसलं नाही तर?"

रेडिओच्या डोळ्यांसमोर तो रडणारा म्हातारा उभा राहिला, आणि त्याच्याखाली ते एक ओळीचं इतिवृत्त. आपण कितीही छान बोललो, सभा गाजवली, तरी दुसऱ्या दिवशी कागद म्हणणार, कोणीही हरकत घेतली नाही. मग भट्ट्या उभ्या राहणार आणि नात कधीच परत येणार नाही. त्याला स्वतःचं भाषण मनापासून आवडत होतं. त्यातला विनोद तर फारच. वाटेत त्याने ते एकदा पुटपुटत पुरतं म्हणून घेतलं, आणि घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, "मी बिल्ला लावणार."

ती म्हणाली, "मग बोलणार..."

"कोण, ना? बोलतील की. गल्लीत माणसं काय कमी आहेत?"

त्याने घरोघर जाऊन सांगितलंही की मी बोलणार नाही, तुम्ही तयारी करा. पण त्याने हे सांगितलं ते इतकं लांबलचक, इतक्या दाखल्यांसकट, की ऐकणाऱ्याला वाटलं, हा आणि गप्प बसणार? शेजारचा वेल्डर तर बायकोला म्हणाला, "ऐन वेळी बघ, सुटेलच तो." सगळ्या गल्लीची हीच अटकळ. म्हणून तयारी कुणीच केली नाही.

सुनावणी कारखान्याच्या बाजूच्या एका सभागृहात होती. पुढच्या दोन रांगांवर 'राखीव' असे कागद चिकटवले होते आणि तिथे कारखान्याचे कामगार इस्त्रीचे गणवेश घालून बसले होते. मंचावर अधिकारी, शेजारी लिहून घेणारा कारकून, आणि कंपनीचा माणूस हातात काठी घेऊन पडद्यावरची चित्रं दाखवत होता. चित्रांत भट्टी कमी आणि झाडं जास्त. कंपनीचा फोटोग्राफर सभागृहात फिरत होता आणि वकिलाच्या सांगण्यावरून दर थोड्या वेळाने मागे, रेडिओकडे कॅमेरा वळवत होता. रेडिओ मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसला होता, मांडीवर पुठ्ठा, छातीवर बिल्ला. गल्लीतली मंडळी मधल्या रांगांत होती, बायकोही. बऱ्याच जणांनी अर्ध्या दिवसाचा पगार सोडला होता.

चित्रं संपली. अधिकाऱ्याने चष्मा काढून विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?"

कुणी हललं नाही. मग एकेक मान मागे वळली. वेल्डर, त्याची बायको, लाँड्रीवाला, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, सगळे रेडिओकडे बघायला लागले. वेल्डर दबक्या आवाजात म्हणाला, "अरे, ऊठ ना!" रेडिओने नजर पुठ्ठ्यावर ठेवली. त्याचे कान तापले. 'उपस्थितांना बोलण्यास विचारले,' त्याने लिहिलं, आणि त्याचं अक्षर वाकडं आलं. "घाबरला," कुणीतरी म्हणालं. तेही त्याने ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्याला बोल म्हणत होते आणि तो मूग गिळून बसला होता. आता कुणीच बोललं नाही तर याचा उपयोग काय? शून्याची साक्ष द्यायला तो बिल्ला लावून बसला होता का? त्याला तिथल्या तिथे बिल्ला उपटून फेकावासा वाटला. हात छातीपर्यंत गेलाही.

"कुणी नसेल तर आपण..." अधिकारी कागद गोळा करू लागला.

तेव्हा बायको उठली.

ती माइकपर्यंत गेली आणि माइक कसा धरायचा ते न कळून त्याच्यापासून हातभर लांब उभी राहिली. कारकुनाने तिच्याकडे एकदा बघितलं आणि पेनाला टोपण लावलं. रेडिओने ते लिहिलं. 'लिहून घेणाऱ्याने पेनाला टोपण लावले.' मग तो ऐकू लागला.

"मी पडदे शिवते," ती म्हणाली. "रस्त्यापलीकडे राहते. पांढरं कापड बाहेर वाळत टाकलं की संध्याकाळी त्यावर करडा थर असतो. म्हणून मी आता खिडकी लावून शिवते. खिडकी लावली तरी कठड्यावर तो येतोच. मी सकाळी पुसते, दुपारी पुसते. फडकं दर वेळी काळं होतं. माझी नात माझ्या मशीनखाली खेळायची. ती सगळं तोंडात घालायची. लहान मुलं घालतातच. तिच्या रक्तात ते... ते..."

ती थांबली. शब्द गेला. आणि सवयीने, इतक्या वर्षांच्या सवयीने, तिने मागे वळून नवऱ्याकडे बघितलं. तिचं वाक्य पुरं करणारा माणूस तिथे बसला होता.

शब्द रेडिओच्या जिभेवर होता. नुसते ओठ हलवले असते तरी तिने ओळखला असता. त्याने दात दातांवर दाबून धरले. मान हलवली नाही, पापणीसुद्धा आवरली. फोटोग्राफरने कॅमेरा त्याच्याकडे वळवला तो त्याच क्षणी. सभागृहात सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते आणि तो तिच्याकडे बघत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. डोळे भरण्याबद्दल बाईंनी काही नियम केला नव्हता.

ती पुन्हा पुढे वळली.

"त्या कठड्यावरचं जे आहे ना," ती म्हणाली, "तेच तिच्या रक्तात निघालं. आता ती माझ्याकडे राहत नाही. मला फार काही कळत नाही. मला एवढंच विचारायचंय, एक भट्टी आहे तर मी दोनदा पुसते. तीन झाल्यावर किती वेळा पुसू? आणि पुसून पोर परत येणार आहे का?"

एवढं बोलून ती जागेवर येऊन बसली. रेडिओच्या भाषणातलं एक अक्षर त्यात नव्हतं. राजेरजवाडे नव्हते, विनोद नव्हता.

वेल्डर उठला. त्याला पाठांतर नव्हतं, तयारी नव्हती, त्याने आपलं पोरांच्या पोटदुखीचं सांगितलं. मग लाँड्रीवाला, मग बसचा ड्रायव्हर, मग वेल्डरची बायको, मग ज्यांना रेडिओने केस कापताना फक्त पाठमोरं बघितलं होतं अशीही माणसं. रेडिओ खाली मान घालून लिहीत राहिला. बोटं दुखायला लागली. कारकुनाच्या पेनाचं टोपण काही निघालं नाही.

घरी येऊन त्याने नोंदी नीट उतरवून काढल्या. पहिलं नाव बायकोचं. तिचे शब्द त्याला मधे कुठेही न थांबता आठवत होते. ते त्याने सगळे लिहिले, आणि समोरच्या रकान्यात लिहिलं, 'पत्नी'. म्हणजे हे मोजायचं नाही. बायको आत चहा टाकत होती. तिला सांगायचं धाडस त्याला झालं नाही. बडबड्या माणसाला सांगायला जड जाणाऱ्या गोष्टी फार नसतात. ही एक होती.

सरकारी इतिवृत्त आलं. अपेक्षेप्रमाणे, 'कोणीही हरकत घेतली नाही. काही नागरिकांनी स्वच्छतेबाबत सूचना केल्या.' गल्लीने वर अपील केलं आणि बाईंच्या संस्थेचा अहवाल जोडला. कंपनीच्या वकिलाने व्हायचा तो आकांत केला. निरीक्षक त्याच गल्लीतला, धंद्याने सलूनवाला, नावाने रेडिओ, असा माणूस निःपक्षपाती कसा? अपील ऐकणाऱ्याने विचारलं, तो सुनावणीत काही बोलला का, काही खुणा केल्या का? तेव्हा कंपनीनेच काढलेले फोटो पुढे आले. प्रत्येक फोटोत रेडिओ भिंतीला टेकून, तोंड मिटून. त्याचे इतके तोंड मिटलेले फोटो त्याच्या लग्नातसुद्धा निघाले नव्हते.

निकाल आला तो बाईंच्या घरी. बाई आता काठी घेऊन चालत होत्या. त्या स्वतः दुकानात आल्या, अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक तसंच ठेवायला लावलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. सुनावणी रद्द. भट्ट्यांची परवानगी थांबली. अहवाल लोकांना कळेल अशा भाषेत देऊन, सुट्टीच्या दिवशी, गल्लीतल्या शाळेत पुन्हा सुनावणी घ्यावी. आणि पुढे एक वाक्य होतं. निरीक्षकाने स्वतःच्या पत्नीचे निवेदन स्वतःहून वगळले आहे. त्यामुळे त्याच्या उरलेल्या नोंदींवर अविश्वास दाखवण्याचे कारण दिसत नाही. खाली हरकत घेणाऱ्यांची नावं छापली होती. वेल्डर, त्याची बायको, लाँड्रीवाला, ड्रायव्हर, सगळे. बायकोचं नाव नव्हतं.

दुकानात गल्ली जमली. वेल्डरने रेडिओला उचलायचंच तेवढं बाकी ठेवलं. "गप्प बसून जिंकलास लेका," तो म्हणाला. रेडिओ हसला, पण मन लागेना. त्याने दुकान लवकर बंद केलं.

बायको मशीनवर होती. खिडकी अजून लावलेलीच होती, कारण जुनी भट्टी चालूच होती. तो तिच्याजवळ स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "निकाल लागला. सुनावणी पुन्हा होणार."

"कळलं मला. वेल्डरची बायको येऊन गेली."

"त्यात सगळ्यांची नावं छापलीत." तो अडखळला. "तुझं नाही. मीच वगळलं. नात्यातलं माणूस मोजायचं नाही असा..."

"नियम आहे," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत त्याचं वाक्य तिने कधी पुरं केलं नव्हतं.

"तुला माहीत होता?"

"बिल्ला मिळाल्यापासून तुम्ही दुसरं काय सांगत होता? मला माझ्या भाच्याचा वाढदिवस आठवत नाही, पण बाईंचे नियम पाठ आहेत."

"मग उठलीस कशाला? मोजणारच नव्हतं ना कुणी!"

तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं. "कुणीतरी पहिलं उठायला हवं होतं. सगळे तुमच्या तोंडाकडे बघत होते, आणि तुमचं तोंड बंद. म्हटलं, ज्याचं धरायचं नाही त्यानेच उठावं. बाकीच्यांचं तरी धरलं जाईल." तिने कापडाची घडी सरळ केली. "आणि खरं सांगू? मला मोजण्याचं एवढं काही वाटलं नाही. लग्न झाल्यापासून माझं एक बोलणं तुम्ही शेवटपर्यंत ऐकलं नव्हतंत. त्या दिवशी मी अडले, मागे बघितलं, तरीही मधे बोलला नाहीत. सगळं ऐकलंत."

"अगं, ते नियम होता म्हणून," रेडिओ म्हणाला. खोटं श्रेय घेणं त्याच्या जिवावर आलं.

"ठाऊक आहे." तिने दोरा दाताने तोडला. "बिल्ला कुठे ठेवलाय?"

त्याने खिशातून काढून दिला. तिने तो खिडकीच्या कडीला अडकवला, मशीनवर बसलेल्या माणसाला आणि स्टुलावर बसलेल्या माणसाला, दोघांनाही दिसेल असा. "सोमवारी बाईंना लागला तर घेऊन जा," ती म्हणाली. "बाकीचे दिवस तो इथे राहू दे."

मग तिने चाक फिरवलं आणि म्हणाली, "आज दुपारी ना, ती कोपऱ्यावरची आली होती."

रेडिओने तोंड उघडलं, बिल्ल्याकडे बघितलं आणि मिटलं. कोपऱ्यावरची झालरीसाठी आली नव्हती. ती कशासाठी आली होती ते बायको सांगत राहिली आणि तो ऐकत बसला.